वाटणी

खुर्च्या मोजून झाल्या. एकवीस इकडे, वीस तिकडे,
एक मोडकी कुणालाच नको होती.
रस्ते दाबायचा रोलर एकच;
महिन्याआड वापरायचा ठरलं, डिझेलवर अडलं.
मग कपाटातून जन्ममृत्यूच्या वह्या निघाल्या.
ओपोलोट साहेब म्हणाले,
दलदलीपलीकडची गावं वेगळी काढ, अमुगे,
नव्या जिल्ह्याच्या वहीत उतरव.

बाहेर आंब्याखाली नवी पाटी वाळत होती,
शेवटचं अक्षर मावेना म्हणून
चौकटीवर चढलेलं.

चौथ्या दिवशी तिनं विचारलं,
मेलेल्यांचं काय करू?
साहेबांनी कंपालाचं परिपत्रक उलटंपालटं केलं.
शाळा होत्या, बोअरवेल होत्या, मतदार होते.
‘राहू देत इथंच.
त्यांना कुठं दाखला लागतोय?’

अजिलोंग. मुलगी. अकरा दिवस. हिवताप.
तिची आई सोमवारीच पलीकडे गेली होती,
घर न हलवता,
कसाव्याचं एक रोपही न उपटता.

संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी
अमुगेनं नवी वही उलटी धरली
आणि मागच्या पानापासून
त्यांनाही नेलं, बारीक अक्षरात, एकेक करून.
शाई
जुन्या जिल्ह्याच्या वाट्याची होती.