एक गुंज

देवरुखकरांच्या काट्यावर
अख्खी गोळी भरली एकशे एकवीस मिलिग्रॅम.
"म्हणजे एक गुंज," ते म्हणाले.
कशाची, ते विचारलं नाही.
मोती चौकात वजन करायला आलेल्या बाईला
कुणी काही विचारत नाही.

त्यात औषध म्हणे अर्धाच मिलिग्रॅम,
बाकी सगळी भर.

तीन आठवड्यांसाठी लिहून दिली होती,
आप्पा आयसीयूत होते तेव्हा.
त्याला अकरा वर्षं झाली.
मेडिकलवाला चिठ्ठी मागायचा थांबला,
मग नाव विचारायचा थांबला,
मग नुसती बोटं वर करायचा: एक पट्टी की दोन?
वैकुंठात सगळे म्हणाले, किती धीराची पोर.
धीर माझा नव्हता,
पर्समध्ये होता, चंदेरी कागदात.

दर पंधरा दिवसांनी थोडी कमी करायची,
नाफडे डॉक्टरांनी कागदावर आकडे लिहून दिले.
एकदम सोडायची नाही, दोनदा बजावलं.
मला कसली घाई?
मी पटवेकरीण. काळे मणी, दोन वाट्या, रेशीम,
आणि गाठ अशी, की सासूनं ओढून बघितली तरी सुटू नये.
रात्री नऊला दुकानाच्या पायरीवर बसून
बारीक कानशीनं गोळीची कड घासते,
पांढरा भुगा फुंकून टाकते.

पहिला दीड महिना काहीच नाही.
म्हटलं, उगाच घाबरत होते.

मग काटा पंच्याऐंशीवर आला
आणि कुकरची शिट्टी अंगात शिरली.
बोहरी आळीत रिव्हर्स घेणारा टेम्पो
माझ्या दातांत वाजायला लागला.
सुईचं नाक लांब गेलं. मणी सांडले,
दोनशे तरी असतील,
गुडघ्यांवर बसून एकेक वेचला
आणि गिऱ्हाईकाला म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

पहाटे तीनला जाग. नळाला पाणी पाचला.
दोन तास रिकामी बादली ऐकत बसायचं.

नणंद म्हणते, मनाचे खेळ, पर्वती चढत जा.
गेले. एकशे तीन पायऱ्या.
साठाव्या पायरीवर पायाखालचा दगड पाण्यासारखा हलला,
चपलेचा अंगठा तुटल्याचं नाटक करून बसले तिथंच.
खाली सगळं पुणं जागच्या जागी.
कैवल्य म्हणाला, आई, घे ना परत पूर्ण,
कुणाला काय फरक पडतो?
त्याचंही खरं. भाजीत मीठ दोनदा पडत होतं,
घडीत तोळा, घडीत मासा,
त्यानं तरी किती सांभाळायचं?

डॉक्टर म्हणाल्या, थांबा.
पंच्याऐंशीवरच थांबा, वाटेल तितके दिवस.
मी विचारलं, म्हणजे हरले?
त्या म्हणाल्या, उभ्या आहात.

तीन महिने उभी होते.

एका मंगळवारी चिंचवडहून एक मुलगी आली,
सोबत वडील, हातात कापडी पिशवी.
मी शेवटची गाठ मारली. त्यांनी वाकून विचारलं,
"पक्की आहे ना हो?"
एवढंच.
आणि माझ्या डोळ्यांतून जे सुरू झालं
ते थांबेना. रेशीम भिजलं.
मुलगी घाबरली, वडिलांनी बाटली पुढे केली.
मी म्हणत राहिले, काही नाही, काही नाही,
आणि आतून कळत होतं, आप्पा आत्ता गेलेत,
अकरा वर्षांनी, या मंगळवारी, दुपारी सव्वाबाराला.

परवा झारेकरी आला,
पेढ्यांसमोरची धूळ गोळा करणारा.
माझ्या पायरीपाशी थबकला.
"बाई, हे पांढरं काय?"
म्हटलं, ने. धुऊन बघ, काय निघतं ते.
तो हसला. तेवढी पायरी सोडून पुढं गेला.

आज काट्यावर त्र्याहत्तर.
देवरुखकर अजूनही विचारत नाहीत.
फक्त मी आले की
उठून पंखा बंद करतात,
वाऱ्यानं आकडा हलू नये म्हणून.