पाच स्क्रू, सात क्लिपा

अजमानच्या औद्योगिक वसाहतीत
रात्री साडेदहानंतर गाड्या येतात माझ्याकडे.
मागे चौकोनी पेट्या, पेट्यांना अजून रश्शाचा वास.
दिवसा त्यांना सवड नाही,
आणि दिवसा टाकीवर तळहात टेकवून बघा एकदा.

आज गुलजरीन, चारसद्द्याचा.
डाव्या पॅनेलला बुटाची नाडी बांधलेली.
"उस्ताद, आवाज करतं."
करणारच. सात क्लिपांतल्या चार नाहीत,
पाच स्क्रूंतले दोन कुणीतरी परके, जाड,
दमदाटीनं घुसवलेले.

मी आधी पाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेतो.
त्यावर पॅनेल काढतो, पोरांच्या वहीतल्या माशासारखं,
तोंड पुढच्या चाकाकडे.
जिथला स्क्रू तिथं भोक, भोकात तोच स्क्रू.
लांब गळ्याशी, आखूड शेपटीला, कॉलरवाला पोटात.
शिकवलं नाही कुणी.
पहिल्या वर्षी लांबडा आखूडच्या जागी गेला
आणि आतल्या वायरीत शिरला.
गाडी भर पुलावर विझली,
माझ्या पगारातून एकशेऐंशी दिरहम गेले.
तेव्हापासून पुठ्ठा.

क्लिप ओढायची नाही.
मधली पिन आत दाबायची, जराशीच.
टक् झालं की तिचे पाय मिटतात
आणि ती आपणहून हातात येते.
बसवताना पिन वर काढायची, क्लिप भोकात सोडायची,
मग डोकं सपाट होईतो अंगठा.
आत, कुणाला दिसत नाही त्या बाजूला,
ती पाय पसरून बसते.

दिलबहादूर पक्कडीनंच उपटतो.
"शंभरचं पाकीट मिळतं, दाजू, कशाला जपता?"
मिळतं की.
पण सहा मिलिमीटरची क्लिप आठच्या भोकात
नुसती पाहुणी.
दोन उन्हाळे खाल्लेली तर पापड,
ती मीही फेकतो.
जिच्या पायांत अजून स्प्रिंग आहे
ती खजुराच्या डब्यात जाते.

रबरी बूच साबणाच्या पाण्यानं बसवलं,
ऑइल लावलं की रबर फुगतं.
प्रत्येक स्क्रूला मागून नायलॉनचा वॉशर.
आता सैल झाला तरी पॅनेल सोडणार नाही,
लोंबकळेल, पण घरचाच राहील.

चार हव्या होत्या. डब्यात तीन निघाल्या.

चौथी कुठे आहे ते मला माहीत आहे.
बाणकोटला.
मागच्या रजेत शर्ट धुताना
झुलेखाच्या हाताला लागली.
"हे काय, विंचवाचं पिल्लू?"
म्हटलं, ह्यानं झाकण बसतं.
"कुठलं झाकण?"
गाडीचं, म्हटलं, आणि चहा प्यायला लागलो.
ती ओल्या हातानं पडवीत गेली.
मीटरच्या पेटीचं पत्र्याचं दार
खाडीच्या वाऱ्यावर आपटायचं.
दोन वर्षं मी ते फोनवर ऐकत होतो
आणि वाटायचं, लाइनच खराब आहे.
ती पिन वर-खाली करून बघत राहिली,
मला काही विचारलं नाही,
आणि मग अंगठा.
टक्.

इथं चौथ्या भोकात मी राखाडी घातली,
दुसऱ्या कंपनीची, पण मापाची.
काळ्या अंगावर एक राखाडी ठिपका.
गुलजरीनला विचारलं, चालेल?
तो म्हणाला, रात्री कोण बघतं.

गल्लीच्या टोकापर्यंत मी कान देऊन उभा राहिलो.
इंजिन ऐकू आलं. बाकी काही नाही.

नाडी मात्र त्यानं मागून घेतली होती.
बुटात ओवली नाही,
घडी करून खिशात ठेवली.