सप्टेंबरचा अंक

हॅलिफॅक्सच्या सलूनमध्ये
सप्टेंबरचा अंक मांडीवर घेतला,
जावळ काढायला आणलेल्या बाळाएवढा जड.

पान उलटलं: अत्तर.
पर्स. पर्स. नुसतेच ओठ.
घड्याळ, दहा वाजून दहा.
आणखी एक, तेही दहा-दहालाच अडलेलं.
अनुक्रमणिका एक्केचाळिसाव्या पानावर,
दोन बुटांच्या मध्ये अंग चोरून उभी.

शेजारी ड्रायरखाली मिसेस हॉलरॉइड
बोट ओलं करून भराभर पानं टाकत होत्या,
खड्यांतून तांदूळ निवडावेत तशा.
"राशीभविष्य अगदी शेवटी असतं," म्हणाल्या.

ते पान कुणीतरी आधीच फाडून नेलेलं.
मागल्या बाजूला कूपन असणार कसलंसं.

त्या जरा थांबल्या,
मग उलट्या मागे येत
अत्तराचं पान गाठलं,
आणि मनगट घासलं त्यावर.

भिंतीवर पावणेपाच.