पंचावन्न तोळे

धुळ्याला पाचकंदिलाजवळ ताहेरभाईंचं दुकान.
खाली बिजागऱ्या, कुलपं, पंपाचे वायसर,
आणि वर, लोखंडी दाराआड, हे.
हिरव्या बनातीवर त्यांनी तीन मांडली,
आम्ही नथी मांडतो तशी
एकमेकींपासून चार बोटं लांब,
म्हणजे गिऱ्हाइकाची नजर घसरत नाही.

परवान्याला दोन वर्षं सात महिने लागले.
व्यवसाय: सराफी, वडिलोपार्जित.
कारण: आत्मसंरक्षण.
अर्ज भरला तेव्हा बावन्नची होते.

"रोज अंगावर बाळगायचं ना, बाई? मग हे.
बत्तीस बोअर. तळहातात मावतं."
उचललं, तर काही उचलल्यासारखं वाटेना.
"पण हलकं तेवढं लाथाळ," तेच म्हणाले,
"मनगट झिणझिणतं."
लवंगी मिरची कुणाला सांगता, मी म्हटलं,
मी अमळनेरची.

दुसऱ्याच्या मुठीवर वेलबुट्टी.
तीस वर्षं मी वेलबुट्टीच कोरते आहे,
तिला भुलत नाही.

तिसरं काळं, ठेंगणं, बोजड.
पिशवीतून माझा छोटा काटा काढला.
ताहेरभाई हसले, मग हसायचे थांबले.
साडेपाचशे ग्रॅम.
पंचावन्न तोळे, आणि घडणावळ वेगळी.

"ठेवणार कुठे? खिसा?"
खिसा कुठला.
माझ्या वयाच्या बाईला कनवटी असते,
पदराला गाठ असते,
पोलक्यात घामेजलेली दहाची नोट असते.
म्हणून आधीच रघुआप्पा शिंप्याकडे
परकर टाकून आले होते.
"कितला खोल करू?"
मनगटापर्यंत.
"कसाले व माय?"
चष्म्याला, म्हटलं.

अर्जात एक गोष्ट लिहिली नाही.

मांडळच्या पुढे, बाभळींपाशी,
स्कूटरला मोटारसायकल आडवी घातली.
दोघं. तोंडाला रुमाल.
सुरा धरलेला हात माझ्यापेक्षा जास्त कापत होता.
पैंजणांचे अठरा जोड गेले, त्याचं काही नाही.
पण रुमालाची गाठ कानामागे होती
आणि कानाच्या पाळीत भोक,
जरा वर, जरा तिरकं.

माझ्या हातचं.
बाराव्या दिवशी टोचला होता तो कान.
मावशीनं डोकं नीट धरलं नव्हतं, पोर हललं,
तार तिरपी गेली.
मी हळद लावली. त्याच्या आईनं गूळ वाटला.
सोनारानंच कान टोचावे, म्हणतात,
त्याच्या हातचं दुखत नाही.

फौजदाराला सांगितलं,
रुमाल होते, ओळखू आले नाहीत.

"तिसरं द्या."
"जड पडेल. क्षणभर विसरता येणार नाही."
म्हणूनच, ताहेरभाई.
बायका येतात, म्हणतात, मंगळसूत्र असं करा
की गळ्यात आहे हे कळूच नये.
देते करून.
हे मात्र कळलं पाहिजे.
ओट्याशी वाकताना,
भरताच्या पंगतीत मांडी घालताना,
भाचीचं लेकरू कडेवर घेताना
मांडीला लागलं पाहिजे.

एसटीत शेजारी झोप्यांची सून.
"धुळ्याहून काय आणलं, आत्या?"
एक डाग, म्हटलं.
आमच्या धंद्यात दागिन्याला डागच म्हणतात.
"बघू?"
घडायचा आहे अजून.
खिडकीतून पांझरा गेली, वाळू आणि वर थोडं पाणी.

रविवारी भदाण्यांकडे बारसं आहे.
दोन इवले कान.
त्या दिवशी ते कपाटात ठेवीन,
ठेवीन बहुतेक.
रघुआप्पाला खिसा उजवीकडे सांगून बसले आहे,
आणि टोचायची तारही
मी उजव्याच हातानं धरते.