दर दोन मिनिटांनी

डिसेंबरात गेलेला सूर्य
जानेवारीच्या दहा-बारा तारखेला तोंड दाखवतो इथे,
इनारीच्या वर.
तोवर माझ्या स्वयंपाकघरात रेडिओचा हिरवा दिवा
आणि एकशे चव्वेचाळीस पूर्णांक आठ.

त्यावर बोलत कुणीच नाही.
मध्येच कुणी मांजरपाट टर्रकन फाडावा
तेवढाच आवाज,
आणि त्या एवढ्याशा फाटण्यात मावतं सगळं:
अक्षांश, रेखांश, वेग, दिशा,
वाचनालयाची बस.

पिर्को चालवते ती.
डॅशबोर्डखाली साबणाच्या डबीएवढा ट्रॅकर
मीच बसवला, उणे एकतीसात,
स्क्रू ओठांत धरण्याचा मूर्खपणा करून.
खूण आहे अजून.

नकाशावर बस चालत नाही,
उडी मारते.
इथे होती, आता तिथे. मधलं काही नाही.
दोन मिनिटांत माणसाचं काय काय होतं!
रेनडिअर आडवा येतो, काच पुसून होते,
शिवी देऊन होते,
मनात आणलं तर रडूनही होतं.
माझ्या वाट्याला पुढचा ठिपका.

मुस्ताटुंटुरीमागे ती गडप होते, अकरा किलोमीटर.
टुंटुरी म्हणजे माथ्यावर झाड नसलेला डोंगर;
आमच्याकडच्या म्हाताऱ्यांसारखा.
वरचा रिपीटर ऐली आणि मी खांद्यावरून नेलेला.
आता ऐली नाही. रिपीटरला बर्फाची दाढी,
आणि वयोमानाने थोडा विसराळूपणा.
एकदा तर तासाभरापूर्वीचा ठिपका त्याने आत्ता ओकला,
डेपोत येऊन लागलेली बस
माझ्या डोळ्यांदेखत परत डोंगरामागे गेली.
उठून उभा राहिलो होतो मी. कशासाठी कोण जाणे.

ओव्लाच्या फाटकाशी थांबा आहे.
गुरुवारी, दोन चाळीस ते दोन सेहेचाळीस.
ओव्ला जहाजांचीच पुस्तकं न्यायचा,
सगळा जन्म रेनडिअरांमागे गेला, समुद्र एकदाही नाही,
पण शिडांची नावं पाठ. चुकलात तर सुनवायचा.

ऑक्टोबरात गेला.
घराला कुलूप. चिमणीवर बर्फ तसाच.

गुरुवारी ठिपका आला. वेग शून्य.
टर्र.
वेग शून्य.
टर्र.
वेग शून्य.
दोन सेहेचाळीसला हलला.
पुढच्या गुरुवारी तसंच. त्याच्या पुढच्याही.

शेवटी विचारलं. सदुसष्ट अक्षरं मिळतात एका निरोपाला,
मला फार लागली नाहीत:
तिथे कोण असतं आता?
उत्तर चार मिनिटांनी आलं, डोंगर ओलांडल्यावर:
वेळापत्रकात आहे.

बरं, म्हटलं. स्वतःशीच.
कॉफी गार झाली होती, तशीच प्यायलो.

नकाशावर आपल्याला एखादी वस्तू ठेवता येते.
नावाला नऊ अक्षरांची मुभा असते,
ओव्लाचं अर्ध्यातच भागलं.
चिन्हांची यादी लांबलचक: घर, तंबू, रुग्णवाहिका,
विमान, घोडा.
मी होडी निवडली.

किर्केनेसहून कुणा पोराने लगेच कळवलं,
आजोबा, तुमची होडी जमिनीवर आहे,
आकडे तपासा.
तपासले.
बरोबर होते.

गुरुवारी, दोन चाळीसला,
समुद्रापासून इतक्या आत,
पांढऱ्या कोऱ्या नकाशावर
बस होडीला लागते.