एक सूत

अ‍ॅक्सल बत्तीसच्या फोर्डचा,
टोकांशी तापवून कुणीतरी वाकवलेला,
गाडीचं नाक जमिनीला लागावं म्हणून.
स्टब अ‍ॅक्सल सेहेचाळीसच्या ट्रकचे.
ते आज अर्डिस घेऊन आली
कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यात.
पोत्याला नवऱ्याच्या अक्षरातली चिठ्ठी: विकू नये.
"विकले ना मी," ती म्हणाली. "बसव आता."

बसत नाहीत.
वर्लिन कॅलिपर उघडतो, मिटतो,
चष्मा पुसून परत उघडतो.
जबड्यात एक सूत जास्त.
एवढ्याशा फटीतून कॅन्ससचा अख्खा जानेवारी
शेडमध्ये शिरतोय.

अर्डिस दिवा धरते. तिचा हात हलतो,
उजेड हलतो, सूतही हलतं.
"ग्लेंडननं हातोडा घातला असता."
वर्लिन हातोड्याकडे बघत नाही.
पोलादी चकती कानशीवर घासतो,
चार घासे, मोजतो,
दोन घासे, मोजतो.
फार पातळ झाली. फेकली.
दुसरी घेतली.

साडेअकराला किंगपिन
अंगठ्यानं दाबली तशी आत गेली.
आवाज नाही,
ग्रीसचा एक बुडबुडा तेवढा वर आला.

चाक नसलेला तो दांडा
अर्डिसनं डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला,
मग परत डावीकडे, उगाचच.
हात पुसायला फडकं सापडेना,
चिठ्ठीलाच पुसले.

दुसरी बाजू राहिलीच आहे अजून.
तिकडे दीड सूत निघेल, वर्लिन म्हणतो.
ती दिव्याची वायर सोडवत
पलीकडे जाऊन उभी राहते.