प्रश्न उद्भवत नाही

शेजवळ दर सोमवारी येतात,
जेलरोडहून शालिमार, तिथून पायी,
कॅनडा कॉर्नरच्या आमच्या संपर्क कार्यालयात,
जिथे साहेब महिन्यातून दोनदा असतात
आणि मी रोज.
एकतीस वर्षं नोटा तपासल्या त्यांनी प्रेसमध्ये.
अजूनही कुठलाही कागद हातात आला
की आधी उजेडाकडे धरतात.

नाशिकरोडच्या पुलाची लिफ्ट चौदा महिने बंद.
कौतिकाबाईंची चाकांची खुर्ची,
दर तिसऱ्या मंगळवारी मुंबईचं हॉस्पिटल,
गाडी पलीकडच्या फलाटावर.
एवढंच.
हे ते मला मराठीत सांगतात,
मधे खोकतात, मधे सुनेचं काहीतरी निघतं,
आणि मी ते हिंदीत, दीडशे शब्दांच्या आत,
‘क्या रेल मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि’च्या मागे
डब्यांसारखं जोडत जातो:
(अ) लिफ्ट बंद आहे हे खरे आहे काय;
(ब) असल्यास, कारणे काय;
(क) ती कधी सुरू होईल.
कृपा हा शब्द वर एकदाच येतो,
खाली तिघांना पुरवायचा.

पंधरा दिवस आधी सूचना. मग सोडत.
सोडतीत नंबर लागला. तारांकित, सतरावा.
शेजवळांनी पेढे आणले. मी म्हणालो, थांबा.
अकरा ते बारा प्रश्नोत्तरांचा तास,
त्यात होतात पाच,
तेही सगळे खाली बसले तर.

त्या दिवशी टीव्हीसमोर आम्ही सहा जण,
त्यात पाणीपट्टीची तक्रार घेऊन आलेली एक बाई,
जिला कुणी सांगितलंच नव्हतं
की ते महापालिकेत.
अकराला सभागृह उभं राहिलं, एका माजी सदस्याचं निधन.
शेजवळही उभे राहिले,
हातातला चहा तसाच धरून.
दुसरा प्रश्न चालू असताना फलक आले, घोषणा आल्या,
अध्यक्ष म्हणत राहिले, बैठ जाइए, बैठ जाइए,
आणि पाणीपट्टीवाली बाई
गडबडून खुर्चीत बसली.
अकरा चौदाला तहकूब, बारापर्यंत.
बाराला पटलावर कागद ठेवले. दोनपर्यंत तहकूब.
दोनला, दिवसभरासाठी.
‘सतरा नंबर कुठे गेला?’
लेखी गेला, मी म्हणालो. लेखी येतो.

आला.
(अ) लिफ्ट कार्यरत आहे.
(ब) व (क) प्रश्न उद्भवत नाही.

शेजवळांनी उत्तर खिडकीशी नेलं,
उजेडाकडे धरलं, अंगठ्याने कड चाचपली,
उलटं केलं. मागे कोरं.
‘कागद बरा आहे,’ म्हणाले.
‘छपाई सरळ. आमच्याकडे असता
तर सदोष म्हणून बाजूला काढता आला नसता.’

मंगळवारी पहाटे मी स्टेशनवर गेलो.
डिसेंबर. बोलताना तोंडातून वाफ.
लिफ्टच्या दारात वाळूची बादली आडवी ठेवलेली
आणि वर लाल दिवा चालू.
कार्यरत म्हणजे तो असावा.
दोन हमाल, शेजवळ, मी. खुर्चीचे चार कोपरे.
कौतिकाबाई मांडीवरचा डबा घट्ट धरून
वर बघत नव्हत्या, खाली बघत नव्हत्या.
‘पुढच्या खेपेला साहेबांना बोलवा,’ म्हणाल्या,
‘तुमचा कोपरा खाली जातो.’
शेजवळांचे ओठ हलत होते.
मला वाटलं, नामस्मरण.
ते मोजत होते, नोटा मोजावं तसं:
चढताना सेहेचाळीस, उतरताना चव्वेचाळीस.
दोनचा फरक का, हे त्यांना
गाडी सुटेपर्यंत खटकत राहिलं.

अधिवेशन संपलं. पुढचं अर्थसंकल्पाचं.
मी कोरा फॉर्म काढला,
क्या रेल मंत्री, एवढं लिहून थांबलो.
समोर शेजवळ, छत्री दोन्ही गुडघ्यांत उभी.
या वेळचा (अ) त्यांनीच सांगितला:
पुलाला पायऱ्या किती आहेत.

एवढंच? मी विचारलं.
‘एवढंच. आकडा आपल्याकडे आहे,’ ते म्हणाले,
‘ताळा करता येईल.’